डर्बनची माहितगार

३ नोव्हेंबर, रविवार

झालं! डर्बनच्या सहलीचं सगळं माझ्या गळ्यात. भिशीच्या चौदा बायका, एक व्हॅन, सोळा डिसेंबरची सुट्टी.

"सेलोआने पाच वर्षं राहिलीय तिथं, ती नेईल तिथं जायचं," म्मे मंत्वा म्हणाली. भिशीत सगळ्यात म्हातारी ती, सगळ्यांची म्मे, म्हणजे आईच; तिच्यापुढं कोण बोलणार? बायकांनी टाळ्या पिटल्या. मीही हसले, बावळटासारखी.

मी डर्बन बघितलेलं नाही. समुद्रच बघितलेला नाही.

४ नोव्हेंबर

लिहायला घेतलंय तर सगळंच लिहिते. बाविसाव्या वर्षी कामासाठी डर्बनला निघाले. अख्खी गल्ली हात हलवत होती. बस हॅरिस्मिथला चहाला थांबली – घरापासनं जेमतेम तासभर! तिथं ट्रकवाल्यांच्या लॉजवर चादरी धुवायला बाई हवी होती. म्हटलं महिनाभर करू, मग पुढं जाऊ. पाच वर्षं धुतल्या. दर रविवारी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करायची, आई तिथं येऊन थांबायची. "हो आई, खिडकीतनं समुद्र दिसतो." ती गल्लीभर सांगत फिरायची. मग शब्द मागं कसा घेणार?

ट्रकवाले बोलायचे ते ऐकून ऐकून माझं डर्बन तयार झालं. बस, तेवढंच.

१० नोव्हेंबर, रविवार

आज म्मे मंत्वाकडं बसलो. हॉटेल नको, परवडत नाही. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये चटया टाकून झोपायचं. कोंबड्या घरनं तळून, वाफेचा पाव घरचा, मोठं पातेलं माझं. एक दिवस मात्र भारतीयांच्या दुकानात जेवायचं – पाव पोखरून त्यात मटणाचा रस्सा ओततात तो.

"एकात तिघी भागतील का गं?"

"तुझ्यासारखी असली तर एकटीलाच पुरत नाही!"

"समुद्रात उतरायला तिकीट पडतं का, आउसी सेलोआने?"

"छे! फुकट." – ताई म्हणून विचारतात, माहीत नाही कसं म्हणू? अंदाजानं ठोकलं.

मग मला चेव आला. म्हटलं, संध्याकाळी वाळूवर ओळीनं बसू आणि सूर्य समुद्रात बुडताना बघू, मी रोज बघायची.

डिसेबो हळूच म्हणाली, "आउसी, डर्बनला सूर्य समुद्रातनं वर येतो. बुडतो तो मागं, उसाच्या बाजूला." तिचा नवरा तिकडचा. दोन वर्षं नांदली तिथं, मग माहेरी आली.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या तोंडातनं निघालं – "तुला काय दिसणार सूर्य? नवऱ्यानं तर उजाडायच्या आत हाकलली तुला!"

बायका फिसकन हसल्या. डिसेबोनं शाल उचलली. "माझं नाव खोडा," एवढंच म्हणाली आणि गेली.

११ नोव्हेंबर

व्हॅनवाल्याला सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "समुद्र पूर्वेला आहे, आउसी. पूर्वेला सूर्य बुडतो होय?"

बुडाले मी!

१५ नोव्हेंबर

पाण्याच्या टँकरला रांग. डिसेबो माझ्या पुढं. मला बघून तिनं बादली बाजूला घेतली. "तुम्ही भरा आधी, आउसी, तुमचे गुडघे दुखतात." एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. भरलं पाणी. मान वर करता आली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

डिसेबोचं नाव खोडलं. म्मे मंत्वा म्हणाली, "तोंडानं कजाग आहेस, पण तिला बरी गप्प केलीस. उगा शहाणपणा." मी बोलणार होते. उलट शिंच्या पातेल्याबद्दल भांडत बसले.

२३ नोव्हेंबर

जेवण जात नाही. माहेरी आल्यापासनं तिनं पहिल्यांदा कशात तरी नाव घातलं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं! उभी राहिले आणि एका दमात ओकले. डर्बन नाही, समुद्र नाही, हॅरिस्मिथ. डिसेबो खरी, मी खोटी.

म्मे मंत्वा – "आणि खिडकीतनं समुद्र दिसायचा तो?"

"चादरी दिसायच्या, म्मे. वाळत घातलेल्या."

अशा हसल्या! एक तर खुर्चीवरनं घसरली. "पांढऱ्या लाटा गं, पांढऱ्या लाटा!" मला वाटलं होतं थुंकतील.

तशीच डिसेबोच्या दारात गेले. माफी मागायची मला सवय नाही, धड जमली नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "रडू नका. रस्ता मी दाखवीन. पातेलं तुम्ही उचला."

"आणि नवऱ्याचं बोलले ते?"

"ते मी विसरणार नाही, आउसी."

बरोबर आहे तिचं.

तरी घरी येताना हलकं वाटलं. सव्वीस वर्षांचं ओझं, आणि एवढंसंच होतं म्हणायचं!

२६ नोव्हेंबर

सकाळी थोरला भाऊ आला, तेफो. बसला नाही. बायकोकडनं कळलं म्हणाला. मी हसत सांगायला लागले – चादरींचं.

तो हसला नाही.

"आई गेली त्या रविवारी तू दहाला फोन केलास. मी म्हणालो, ती जायला लागलीय, लगेच निघ. चारपर्यंत ती विचारत होती, गाडी कुठवर आली असेल. तू सहाला आलीस."

मी पातेलं घासायला घेतलं.

"हॅरिस्मिथहून तासभर लागतो, सेलोआने."

लॉजबाहेरच्या बाकावर बसले होते मी. पिशवी भरून. डर्बनहून यायला लागतो तेवढा वेळ जाऊ देत.