विस्तव सांभाळा

कामिसावा, २ डिसेंबर

चि. शिझुहोस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हिवाळ्यात तिन्हीसांजेला टिपऱ्यांची टक्-टक् ऐकू यायची, आठवतं? आणि मागोमाग तुम्हा पोरांची आरोळी, विस्तव सांभाळा हो, विस्तव सांभाळा! तू सर्वांत पुढे, नाक लाललाल. हल्ली ती फेरी मी एकटाच काढतो. एकवीस घरांपैकी दोनच चुली पेटतात, माझी आणि उमेनोबाईंची. त्या टोमणा मारतात, मास्तर, कुलपांना कसली आग लागतेय!

शाळेतल्या फळ्यावर शेवटच्या वर्गाची बर्फाची कविता अजून तशीच आहे. वाचणारं कुणी नाही. म्हणून पुन्हा तेच लिहितो, रागावू नकोस. एक नातवंड दे. माझ्यासाठी नको, गावासाठी दे. चाळिशी आली तुझी. जावईबापूंना तर नऊ वर्षांत इकडची वाट सापडली नाही! नववर्षाला मोचीच्या गोळ्यांसाठी चिकट भात कांडायला या.

लोभ बर्फातही ऊबदार राहो.
तुझा बाबा

सेंदाई, ११ डिसेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

यंदाही आम्ही येणार नाही. दर पत्रात तुम्ही विचारता आणि मी हसून टाळते. बाबा, सहा वर्षं दवाखाने झाले. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. दुसरी मुलगी होती. ते आई गेली तेच वर्ष, म्हणून कळवलं नाही.

गाव ओस पडतंय, मला दिसत नाही का? पण बाळ काय रिकाम्या घरात दिवा लावायला जन्माला घालायचं? माझ्या मैत्रिणींना मूल नकोच आहे. त्यांनी काही गावं जाळली नाहीत.

फेरीला जाताना मफलर घ्या. लोभ आहे, थोडा दुखावलेला.
शिझुहो

कामिसावा, ३१ डिसेंबर

चि. शिझुहो,

कितीदा लिहायला बसलो आणि उठलो. उमेनोबाईंना काल मुलगा शहरात घेऊन गेला. आता चूल एकच.

जन्मभर हजेरी घेतली मी. गैरहजर का, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. मला दोन नातवंडं होती आणि मला ठाऊकच नव्हतं. मुलीचं नाव मनात योजलं होतंस का? सांगू नकोस हवं तर. वेशीवर बाळांना सांभाळणारा दगडी जिझो आहे ना, त्याच्या गळ्यात आज दोन लाल लाळेरी बांधून आलो. तुझ्या आईच्या जुन्या किमोनोची शिवलीत, वेडीवाकडी. गाव गेलं तर जाऊ दे, पोरी. तू

दार वाजलं म्हणून उठलो होतो. जावईबापू उभे आहेत, खांद्यावर बर्फ. म्हणतात, शिझुहो गाडीतच बसून आहे. विचारतेय, आम्ही दोघंच आलोय, चालेल ना?