सिनेटरसाठी मांडलेली खुर्ची

१७ जून, मंगळवार

सिनेटर ट्रास्कच्या ऑफिसात आज तिसऱ्यांदा फोन लावला. दोनदा मशीनच बोललं — निरोपपेटी भरली आहे! तिसऱ्यांदा एक मुलगी बोलली, ब्रिजेट नाव. "मॅडम, तुमचा पिनकोड?" दिला. "विधेयकाच्या बाजूने की विरोधात?" विरोधात! मग मी ऑरिनबद्दल सांगायला लागले, तर म्हणते, "मी साहेबांपर्यंत पोचवीन."

काय पोचवणार? कागदावर एक रेघ. माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या मिळून एक रेघ!

१८ जून, बुधवार

डायलिसिसचा दिवस. नऊ ते एक. घरापासून बारा मिनिटं. आपल्या हॉस्पिटलात सहाच खुर्च्या, ऑरिनची खिडकीजवळची. तिथून त्याला धान्यगोदाम दिसतं आणि कोण कुणाशी बोलत उभं आहे तेही दिसतं. घरी येऊन मला सगळ्या गावच्या भानगडी सांगतो.

नर्स हळूच म्हणाली, "विधेयक पास झालं तर छोट्या हॉस्पिटलांचा सरकारी पैसा आटणार. आमच्याकडे पहिली कुऱ्हाड ह्या सहा खुर्च्यांवर." पुढचं डायलिसिस कुठे? खिंडीपलीकडे, शहाण्णव मैल. आठवड्यातून तीनदा. आणि हिवाळ्यात खिंड बंद पडते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ऑरिन ऐकत होता. म्हणाला, "चला, म्हातारपणी प्रवास घडणार म्हणायचा."

२ जुलै, बुधवार

झालं. पास. ट्रास्कनं 'होय' म्हटलं. टीव्हीवर दाखवलं — बोट वर करून गेला, भाजीवाल्याला एक काकडी सांगावी तसा.

सहा वर्षांपूर्वी जत्रेत ह्याच माणसानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता. "मी असेपर्यंत तुमच्या हॉस्पिटलचं दार बंद होणार नाही." मी भुलले. आधी दोनदा दिलं होतंच, तिसऱ्यांदाही मत दिलं त्याला. त्याच्या प्रचाराची पाटी अंगणात लायलॅकच्या झुडपाशेजारी मी स्वतः ठोकली, ऑरिननं हातोडी दिली. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली मी. कुठलं पोर जेवलो म्हणून थाप मारतंय ते डोळ्यांवरून कळायचं. आणि हा सहा फुटी थापाड्या नाही कळला!

३ जुलै, गुरुवार

फोन. निरोपपेटी भरली आहे.

१४ जुलै, सोमवार

हॉस्पिटलचं पत्र. डायलिसिस तीस सप्टेंबरला बंद. "आपल्या सहकार्याबद्दल आभार." ऑरिननं पत्राची नीट चौकोनी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. म्हणाला, "बघ, अगदीच वाया नाही गेलं."

मी हसले नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन बटाटे सोलले.

२२ जुलै, मंगळवार

डॉटी आली होती. शाळेची माजी मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी बोलते ती शाळेची घंटा झाल्यासारखी. "लव्हर्न, रडून काय होणार? ऑगस्टमध्ये सिनेटला सुट्टी. ट्रास्क राज्यात येणार, बड्या लोकांबरोबर जेवणार, आणि आपल्याला तोंड दाखवणार नाही. तीन वर्षांत एक जाहीर सभा घेतली नाहीये त्यानं! आपणच सभा घ्यायची. त्याला आमंत्रण द्यायचं. नाही आला तर स्टेजवर रिकामी खुर्ची, वर त्याच्या नावाची पाटी. आणि सगळ्यांनी खुर्चीला जाब विचारायचा."

दुसऱ्या गावांतून करतात म्हणे असं. मला हसू आलं. पण डॉटीच्या मते गावच्या शेतकरी-सभेच्या ग्रेंज हॉलमधल्या पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या चालणार नाहीत, फोटोत गरीब दिसतात.

"माझी न्या," ऑरिन म्हणाला. स्वयंपाकघरातली त्याची ओकच्या लाकडाची, हात असलेली खुर्ची. पाठ मोडून घरी पडला होता त्या हिवाळ्यात त्यानं स्वतः केलेली. तीस वर्षांत दुसरं कुणी बसलेलं नाही तिच्यात, पाहुणेसुद्धा नाहीत.

"अरे, ती कशाला?" मी म्हटलं.

"रिकामीच राहायची आहे ना? मग निदान चांगली तरी असू दे."

२५ जुलै, शुक्रवार

शेजारचा बर्ट कुंपणावरून म्हणाला, "कशाला त्या माणसाच्या मागे लागलीस? आपला माणूस आहे तो. शिकारीला जातो." बर्टच्या अंगणात अजून ट्रास्कची पाटी आहे.

मी म्हटलं, "हो ना. ह्या वेळी आमचीच केली."

कुंपणाचा खिळा तपासत बसला. 

९ ऑगस्ट, शनिवार

माझा प्रश्न कार्डावर लिहिला. डॉटीनं दोनदा लाल शाईनं कापला, आता चार ओळी आहेत. "सिनेटर, तुम्ही माझा हात धरून शब्द दिला होता. माझा नवरा आठवड्यातून तीनदा खिंड ओलांडू शकत नाही. तुम्ही त्याचं नाव घेऊन सांगा, त्यानं काय करायचं?"

ऑरिनसमोर तालीम केली. तो ट्रास्क झाला. टीव्हीचा रिमोट माइकसारखा धरून — "फार छान प्रश्न विचारलात, ताई! ह्यावरून मला माझे आजोबा आठवले…" मी ओरडले, "नाव घे त्याचं!" तो म्हणाला, "कुणाचं? हां हां, तुमच्या त्या… ओरव्हिलचं?" हसून हसून मला ठसका लागला. किती दिवसांनी हसलो दोघं!

हकलबेरीचा केक करणार आहे, दोन मोठे ट्रे. सभा म्हटली की लोकांना खायला लागतं. टोमणे रिकाम्या पोटी नीट मारता येत नाहीत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

लिहू की नको? लिहितेच. इथे तरी खोटं नको.

ग्रेंज हॉल भरला. डॉटीनं मोजले, एकशे चाळीस. ऑरिन थकला होता म्हणून घरी. स्टेजवर त्याची खुर्ची, तिच्यावर पुठ्ठ्याची पाटी — सिनेटर ट्रास्क. आणि काय बोलले लोक! गोदामवाला नील्स, जो 'बरं' आणि 'बघू' याखेरीज बोलत नाही, खुर्चीसमोर उभा राहून म्हणाला, "माझी आई त्या सहा खुर्च्यांवर जगली, आणि तू आम्हाला विकलंस!" टाळ्या! डॉटीनं बोट रोखून त्यानं दिलेल्या शब्दांच्या तारखाच वाचून दाखवल्या. बर्टसुद्धा उठला! म्हणाला, "मी पाटी काढली नाहीये अजून, पण विचार चाललाय." त्यालाही टाळ्या. मला वाटलं, आज काहीतरी घडतंय.

पुढचा नंबर माझा. मी कार्ड घेऊन माइकपाशी गेले, आणि मागचं दार उघडलं.

ट्रास्क! खरा. बाह्या वर केलेला शर्ट, बरोबर दोन माणसं आणि एक फोटोवाला. हसत हसत मधल्या वाटेनं आला. "ऐकलं, माझ्यासाठी खुर्ची ठेवलीये!"

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या! त्याच हातांनी! नील्स उठून उभा राहिला आणि टोपी काढली. मागची माणसं फोन वर धरून फोटो काढायला लागली. ट्रास्कनं पाटी उचलून बाजूला ठेवली आणि ऑरिनच्या खुर्चीत बसला. ऐसपैस, पायावर पाय टाकून. तीस वर्षांत दुसरं कुणी बसलं नव्हतं तिच्यात.

त्याच्या माणसानं कानात काहीतरी सांगितलं, आणि तो माझ्याकडे वळला. "लव्हर्न! शाळेच्या स्वयंपाकघरातल्या! मी तुमच्या हातच्या चवीबद्दल ऐकून आहे."

माझ्या हातात कार्ड. समोर माइक. एकशे चाळीस माणसं. चारच ओळी, पाठ होत्या. आणि माझ्या तोंडून काय निघालं?

"सिनेटर, लांबून आलात. आधी केक घेता का थोडा?"

पाहुणा दारात आला की आधी खायला विचारायचं. आईनं हाडांत घातलंय, निघत नाही. सगळे हसले, मोकळे झाल्यासारखे. माझ्याच हातांनी मोठा तुकडा कापला, कडेचा नव्हे, मधला. त्यानं खाल्ला, बोटं चाटली, माझ्या खांद्यावर हात टाकला. फोटो. डॉटीनं एक प्रश्न विचारला, त्यावर नऊ मिनिटं तो आजोबांबद्दल बोलला. मग घड्याळ बघितलं. वीस मिनिटांत गेला. हॉस्पिटल हा शब्द त्यानं उच्चारला नाही, आणि आम्ही कुणी त्याला उच्चारायला लावला नाही.

रिकाम्या खुर्चीपुढे वाघ, भरलेल्या खुर्चीपुढे शेळ्या. आणि पहिली शेळी मी.

१३ ऑगस्ट, बुधवार

डायलिसिसला जाताना गाडीत ऑरिननं विचारलं, "मग? विचारलंस?"

"केक दिला."

तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं.  हॉस्पिटलच्या दाराशी उतरताना म्हणाला, "आवडला का त्याला?"

रागावला असता तर बरं झालं असतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

टपालात गुळगुळीत रंगीत पत्रक, ट्रास्कच्या प्रचाराचं. वर मी! हातात केकचा ट्रे, दात दाखवत. माझ्या खांद्यावर त्याचा हात. खाली ऑरिनची खुर्ची स्पष्ट दिसते. मजकूर — "हॉलिस क्रीकच्या लव्हर्न हालबर्ग यांच्यासारखी कष्टाळू माणसं माझ्या पाठीशी आहेत."

बर्ट पत्रक घेऊन कुंपणापाशी आला. "मी काल पाटी उपटली, आणि तू इकडे फिरलीस?" त्याला काय सांगू? सांगितलं. ऐकून म्हणाला, "मीही टाळ्या वाजवल्या गं." आणि पत्रक खिशात कोंबून गेला.

ऑफिसात फोन. ब्रिजेट. मी ओरडले — माझा फोटो काढा, मी तुमच्या पाठीशी नाही, माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चौदा दिवसांनी बंद होतंय!  ऐकते आहे असं वाटलं. मग म्हणाली, "पत्रक प्रचाराचं आहे, मिसेस हालबर्ग, ते आमच्याकडे येत नाही. पण मी निरोप लिहून घेते. हे बाजूने लिहू की विरोधात?"

२९ सप्टेंबर, सोमवार

शेवटची खेप. एक वाजता नर्सनं सुई काढली आणि ऑरिनच्या गळ्यात पडून रडली. तोच तिची पाठ थोपटत होता. आम्ही निघालो तेव्हा दोन माणसं खुर्च्यांवर प्लास्टिक चढवत होती.

१ ऑक्टोबर, बुधवार

शहाण्णव मैल. दोन तास दहा मिनिटं जायला, तीन तास यायला, कारण वाटेत दोनदा थांबावं लागलं. ऑरिनचा चेहरा राखेसारखा. "तिकडे खिडकीतून काय दिसतं?" विचारलं. "भिंत."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

खिंडीत बर्फ. रस्ता बंद. खेप चुकली.

२७ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा बंद. अडसरापाशी दीड तास उभे राहिलो आणि परत फिरलो. पाय सुजलेत, बूट चढत नाहीत. गुरुवारी ट्रास्क टीव्हीवर होता, भोपळ्याच्या शेतात नातवंडांबरोबर. मी चॅनेल बदलायला गेले तर ऑरिन म्हणाला, "राहू दे. भोपळे छान आहेत."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आपल्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरनं औषध दिलं, म्हणाला, औषधानं एक दिवस निघेल, मशीनच पाहिजे. हेलिकॉप्टर मागवलं. वाऱ्यात उडेना. खिंड उद्या उघडेल म्हणतात. उद्या. इथून दहा पावलांवर, काचेपलीकडे, त्या सहा खुर्च्या प्लास्टिकमध्ये.

ऑरिन माझा हात धरून झोपलाय. दोन्ही हातांनी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ऑरिन जाऊन आज एकोणीस दिवस. खिंड उघडली, पण त्याला उशीर झाला होता.

आज त्याची खुर्ची पिकअपमध्ये घातली आणि राज्याच्या राजधानीला गेले. नऊच्या ठोक्याला ट्रास्कच्या ऑफिसात, आत शिरणाऱ्या प्रत्येकाला वळसा घ्यावा लागेल अशी मधोमध मांडली. पुठ्ठ्याची पाटी तीच, उलटी बाजू. तिच्यावर — ऑरिन हालबर्ग. मी शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.

एक मुलगी आली. आवाजावरून ओळखली, ब्रिजेट. पाटी वाचली. बाजूने की विरोधात, विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "किती वेळ थांबणार, मिसेस हालबर्ग?"

"एकपर्यंत. परवा पुन्हा, आणि शुक्रवारी. त्याच्या डायलिसिसची हीच वेळ होती."

केक नेला नव्हता.