ड्रेकने घातलेलं अंडं

ती. दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा आवाज कसा आहे? (मुद्दाम विचारते, पुढे कळेल.) आम्ही ठणठणीत.

तू पाठवलेली जनावरांच्या नर-मादीच्या इंग्रजी नावांची यादी पोचली. धन्य ते इंग्रज! आपलं घोडा-घोडी, कोंबडा-कोंबडी कसं एका घरातलं वाटतं. ह्यांच्या घोड्याची, म्हणजे स्टॅलियनची, बायको मेअर आणि मेंढ्याची, म्हणजे रॅमची, यू. नवरा-बायकोची आपसांत ओळख तरी आहे की नाही कोण जाणे! (बैल-गाय आपलेही जुळत नाहीत, हे सांगायला लगेच धावू नकोस.) पण शिकणं भाग होतं. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात काउंटरची जागा रिकामी झाली, आणि तिथलं रजिस्टर सगळं इंग्रजीत. अकरा वर्षं पिंजरे धुतले दादा, आता मला खुर्चीत बसायचं होतं. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी परीक्षा घेतो.

मग मी तुझे शब्द बघून बघून गिरवले, पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि झाडता झाडता पाठ केले. (कुत्रीचा शब्द घरी मोठ्याने घोकला, तर शेजारीण दोन दिवस बोलली नाही.) मागच्या हौदात दोन पांढरी बदकं आहेत, दिसायला हुबेहूब सारखी. आमच्याकडे कसोटी एकच, जो ओरडतो तो नर. (ह्या हिशेबाने वहिनी तुमच्या घरातल्या कर्त्या पुरुष. हे त्यांना वाचून दाखवू नकोस.) डॉक्टरांनीच रजिस्टरात ओरडणाऱ्याला ड्रेक, म्हणजे नर बदक, लिहिलेलं आणि दुसऱ्याला डक, म्हणजे मादी, म्हणून मीही त्याच्या पायात तशी चिठ्ठी बांधली.

शुक्रवारी सगळी उत्तरं देत देत आम्ही हौदापाशी आलो. मी छातीठोकपणे सांगितलं, हा ड्रेक आणि ती डक. तेवढ्यात ड्रेकसाहेब गवतातून उठले, आणि खाली अंडं!

गेली खुर्ची! कंपाउंडर तर हसून हसून खाली बसला. त्याचं ते हसणं बघून मात्र माझं डोकं फिरलं. तडक आत गेले, रजिस्टर आणलं, डॉक्टरांच्या अक्षरातलं ड्रेक त्यांच्यासमोर खोडलं आणि वर डक लिहिलं. गप्प बसणाऱ्याला ड्रेक केलं. डॉक्टरांनी रजिस्टर हातात घेऊन मागची पानं चाळली. म्हणाले, "दोन वर्षांत हे कुणी तपासलंच नाही. मावशी, सोमवारपासून तुम्ही काउंटरवर बसा."

दादा, मी तिथेच रडले. आनंदानेच.

तुझी,
धाकटी

ता. क. अंड्याला कुणी हात लावलेला नाही. डक त्यावर बसली आहे आणि अजून ओरडतेच आहे.

ता. क. २. खरं काम आता सांगते. रोज संध्याकाळी रजिस्टरच्या पानाखाली आपलं पूर्ण नाव इंग्रजीत लिहावं लागतं. तुला शाळेत इंग्रजी सुरू झालं तेव्हा माझी शाळा सुटली होती, आणि इथे सगळे मावशीच म्हणतात, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? तुझ्या यादीत सगळी जनावरं आहेत रे, फक्त माझं नाव नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. सोमवारच्या आत मला ते गिरवायचं आहे.