कुडापलीकडची हजेरी

डोळखांब, ता. शहापूर
रविवार, ७ नोव्हेंबर १९६५

प्रिय गिरजे,

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले. तुझ्या पत्राला एवढा उशीर मी आजवर कधी केला नाही, तेव्हा तू मनात काहीबाही आणलं असणारच. आणू नकोस. घरी सगळे बरे आहेत. तुझे दादा तानसा धरणावरची नोकरी संपवून घरी बसल्यापासून त्यांना काम नाही, म्हणून ते बायकोच्या कामात खोड्या काढतात. परवा म्हणाले, "मुलगी धाड नायतर नको धाडू, पण पत्राचं उत्तर तरी धाड. पोष्टमन मलाच विचारतो." चंदर दिवाळीला चार दिवस येऊन शहापूरच्या बोर्डिंगात परत गेला. नव्या सदऱ्याच्या बाह्या आत्ताच मनगटाच्या वर चढल्यात. हाच तो, ज्याला तुझ्या कडेवरून खाली उतरवलं की घर डोक्यावर घ्यायचा.

तू विचारलंयस की पाड्यावरच्या ठकूची बारकी बाळाला सांभाळायला मुरबाडला पाठवशील का. तुझी अडचण मला कळते. तीस तारखेला तुझी बाळंतपणाची रजा संपते, जावईबापू सकाळी कल्याणला जातात ते दिवेलागणीला येतात, आणि सासूबाईंना हातभर अंतरावरचं दिसत नाही. चार महिन्यांचं पोर ठेवायचं कोणाजवळ? तू लिहितेस की बारकीला पोटभर जेवू घालीन, दोन परकर-पोलकी शिवीन, बाळ झोपलं की पाटी-पेन्सिल हातात देईन. तू देशीलही, मला ठाऊक आहे. पण त्याच्या खाली तू आणखी दोन ओळी लिहिल्या आहेस. "मीही नऊ वर्षांची असताना चंदरला सांभाळलंच की. माझं काय बिघडलं? एक वर्ष मागे राहिले, ते तर मी गणितात ढ होते म्हणून." गिरजे, या दोन ओळींनीच माझे अकरा दिवस खाल्ले.

तरी तू सांगितलंस तशी मी ठकूकडे जाऊन आले. पाड्यावर सगळ्यांची निघायची तयारी चालली होती. भात झोडून झालंय, आता भट्ट्यांवर विटा थापायला जातील ते थेट पावसाआधी शेतात राब भाजायच्या वेळेला परत. गेल्या वर्षी मी हातापाया पडून बारकीला तिच्या आजीजवळ ठेवून घेतलं, म्हणून ती आज चौथीत बसलीय. ठाकरांच्या त्या पाड्यावरून चौथीपर्यंत आलेली ही पहिलीच मुलगी. पोरगी तिखट आहे. मी फळ्यावर मुद्दाम चूक केली तर हात वर करत नाही, सरळ उठून येऊन पुसते. ठकूला तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली, "गिरजाचं घर हाय, उपाशी नाय ठेवायची. बाई, मी तुजं ऐकते. तू धाड म्हन, धाडते. नको म्हन, नाय धाडत." झालं. सगळं माझ्या गळ्यात टाकून ती मोकळी झाली. बारकी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी उद्या सांगते म्हटलं आणि शिक्षा चुकवणाऱ्या पोरासारखी तिथून सटकले.

तुला ती जुनी शाळा आठवत असेल. कारवीच्या कुडाची, शेणाने लिंपलेली एक खोली, आणि त्याच कुडाच्या मागच्या अंगाला आपलं बिऱ्हाड. चार इयत्ता आणि मी एकटी. चंदर उन्हाळ्यात झाला आणि जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. तुझे दादा आठवड्याने एकदा यायचे. आजूबाजूच्या बायका भाताच्या आवणीला. मग मी तुला म्हटलं, चार दिवस बाळाजवळ बस. त्या चार दिवसांचे किती झाले ते मी मोजले नाहीत, असं मला म्हणायचं होतं. पण मोजले होते. दररोज, माझ्या हाताने.

कारण मी हजेरी घ्यायची. तुझं नाव तिसरीच्या पटावर चौथं. मी "गिरजा" म्हटलं की कुडाच्या पलीकडून झोळीची दोरी कुरकुरायची आणि तुझा आवाज यायचा, "हजर, बाई." मुलं हसायची. आणि मी तुझ्या नावापुढे गैरहजेरी मांडायची. शाळेत बसेल तोच हजर, हा माझा नेम. चंदरला झोळीसकट वर्गात आणता आलं असतं, पण शाळा ही शाळा आणि घर ते घर, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगत असे. तू मात्र रोज ओ देत राहिलीस. मी पाढे म्हणून घ्यायला लागले की पलीकडून तूही म्हणायचीस. दिडकीच्या पाढ्यात मुलं अडखळली की तुझा एकटीचा आवाज पुढे जायचा, आणि त्या आवाजाला धरून माझा वर्ग पुढे सरकायचा.

दुपारी शाळा सुटली की मी पाड्यावर हिंडायची. पोरींना घरी ठेवू नका, भावंडं सांभाळायला त्यांना अडकवू नका, असं घसा कोरडा होईपर्यंत सांगायची. वर धमकीही दिली होती की निम्मी हजेरी भरणार नाही त्याला मी वर चढवणार नाही, मग ते कोणाचंही पोर असो. ठकू तेव्हा तरणी होती, तिच्या काखेत पोर आणि तिची थोरली मुलगी, लहानी, दिवसभर दुसरं पोर घेऊन हिंडणारी. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन तुजी गिरजा गो, बाई? ती झोळी हलवतंय, ती पोर नाय का कुनाची?" मला राग आला. तुला खोटं कशाला सांगू, लाज नाही वाटली, राग आला. अडाणी बाई आपल्याला बोलते म्हणून घरी येऊन मी तुझ्यावरच डाफरले, की भाताला पाणी जास्त झालंय. तू भात उतरवून जास्तीचं पाणी ओतून टाकलंस.

मार्चात परीक्षेला तपासणीचे साहेब आले. त्या दिवशी चंदरला ठकूनेच सांभाळलं आणि तू कित्येक महिन्यांनी वर्गात येऊन बसलीस. पाटीवरची गणितं झाली, मग तोंडी. साहेबांनी नाचणीच्या पायलीचा भाव सांगून सव्वाचार पायलीचे किती झाले म्हणून विचारलं, आणि तू त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलंस. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आणखी चार विचारली, आणि तू चारही सांगितलीस. निकालाच्या दिवशी मी लहानीला मागे ठेवलं, तिची निम्मी हजेरी भरत नव्हती. तुझीही भरत नव्हती. तिला ठेवून तुला वर चढवलं असतं तर मला पाड्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. दोघींना वर चढवता आलं असतं, हे सुचायला मला बारा वर्षं लागली. लहानी त्यानंतर शाळेत आलीच नाही. आणि तू संध्याकाळी मला विचारलंस, "बाई, मी का नापास?" शाळा सुटलेली होती, आपण चुलीपुढे होतो, तरी तू मला बाई म्हणालीस. हजेरी भरली नाही म्हणून, असं सांगितलं असतं तर तू पुढे विचारलं असतंस की मला घरी कोणी बसवलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या त्या प्रश्नाला मी भ्यायले. म्हणून म्हटलं, तू गणितात कच्ची आहेस. तू मान हलवलीस आणि अख्खा उन्हाळा एका हाताने झोळी हलवत दुसऱ्या हाताने पाटीवर बेरजा करत बसलीस. पुढे ट्रेनिंगला असताना तू लिहिलंस, की गणिताचा पाठ द्यायचा असला की उत्तरं आधीच तळहातावर लिहून नेते. त्याला मी उत्तर काय लिहिलं असेल? सराव कर.

साहेबांच्या तपासणीच्या कागदावर तुझ्या नावापुढे तेव्हा लिहिलं होतं, "गणितात पहिली. वर चढवावी." ते मी वाचलं होतं. तू नापास झालीच नव्हतीस, गिरजे. तू कधीच ढ नव्हतीस. तुला मी घरी बसवलं, मीच गैरहजर मांडलं आणि वर दोषही तुझ्याच माथी मारला. हे मला समोर बसून बोलता आलं नसतं, म्हणून कागदावर लिहिलं. बारकी येणार नाही, तसं मी काल ठकूला सांगून आले. ती आजीजवळ राहील आणि चौथी पुरी करील. बाळाजवळ मी येते. निवृत्तीला चौदा महिने उरलेत, पण गुरुवारी शहापूरच्या कचेरीत जाऊन मुदतीआधी सोडायचा अर्ज देऊन आले. कारकुनाने दोनदा विचारलं, "बाई, विचार केलात ना?" एक तारखेपासून शाळा नव्या मास्तरांच्या हाती; ते आठवडाभर आधी येतायत, तेव्हा त्यांना पाड्याची वाट दाखवून ठेवीन. दादा म्हणतात की त्यांना पिठलं-भात जमतो. जमत नाही, पण शिकतील. अठ्ठावीसच्या रविवारी दुपारच्या एस.टी.ने मी मुरबाडला उतरेन. हे वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, बाळ मात्र माझ्या हातात दे. बुधवारी सकाळी वेळेवर शाळेत जा, आणि पहिला तास गणिताचा घे.

तुझीच,
आई