पाच नंबरचा जंपर

वसई
१७ नोव्हेंबर २००२

प्रिय दादा,

ई-मेल सोडून कागदावर लिहितेय याचं तुला नवल वाटेल. मेल तू ऑफिसात अर्धवट वाचतोस आणि दोन मिनिटांत 'नो प्रॉब्लेम, संपा' म्हणून उत्तर ठोकतोस. हे पत्र टोरांटोला पोचायला बारा दिवस तरी लागतील, आणि ते तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. तोवरचे बारा दिवस तू खुशाल आनंदात राहा. तेवढी मोकळीक मी तुला देते.

आधी तुझ्या कॉम्प्युटरची खबर. ठणठणीत आहे. आठवतं ना, जायच्या आधीच्या आठवड्यात हॉलमध्ये पेपर पसरून तू त्याचे सुटे भाग जोडत बसला होतास? आईने कॅबिनेटला हळदकुंकू लावलं आणि तू ओरडलास, आत सांडलं तर शॉर्ट होईल म्हणून. मग तिची समजूत काढलीस, की फोनच्या बिलाची भीती नको, दर रविवारी यातूनच बोलायचं, समोर बसल्यासारखं. तू विमानात बसलास आणि पहिल्याच रविवारी कळलं की मोडेम जोडला की आवाज बंद. तू शोधून काढलंस की मोडेम आणि साऊंड कार्ड दोघांनाही एकच नंबर मिळालाय, पाच. दोन फ्लॅटना एकच बेल असल्यासारखं, असं तू लिहिलं होतंस. बेल वाजते पण दार कुणीच उघडत नाही. आईला हे फार आवडलं होतं. शेजारीपाजारी सगळ्यांना तिने ते सांगितलं.

त्यानंतरची अडीच वर्षं तू पानंच्या पानं सूचना पाठवल्यास. डिव्हाइस मॅनेजर उघड, मोडेम काढ, मशीन बंद कर, कार्ड शेजारच्या खाचेत लाव, ड्रायव्हर पुन्हा घाल. मी प्रत्येक वेळी कळवायचे, केलं, पण पडद्यावर तोच पिवळा उद्गार, बिघाडाचा. तू कुणाच्या तरी सामानातून स्क्रू-ड्रायव्हरचा सेट पाठवलास. स्वतःला शिव्या घातल्यास, की घाईत वाईट मशीन जोडून गेलो. आणि आई दर रविवारी आठ वाजता आंघोळ करून, ती मोरपंखी साडी नेसून हेडफोन लावून बसायची. तू टाइप केलेलं मी मोठ्याने वाचून दाखवायचे. ती म्हणायची, अक्षरं काय करायचीत गं, मला त्याचा आवाज ऐकव. फोन मात्र तू टाळलास, मशीन आज ना उद्या जमेल म्हणून.

तुला मी एवढंच कळवलं होतं की आईला थोडं कमी ऐकू येतं. कानाचे डॉक्टर पहिल्याच वर्षी जे म्हणाले ते कळवलं नव्हतं. उजवा कान गेलाय, डावा वर्ष-दोन वर्षं, नस सुकत चाललीय, कानाचं मशीन लावूनही पुढे उपयोग नाही. जे ऐकवायचं ते आत्ता ऐकवा, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. आईला ते ऐकू गेलं नाही. घरी येताना तिने मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, मळ आहे.

आता नीट वाच. त्याच महिन्यात मी तुझ्या भुईगावच्या दोस्ताला, बेसिलला बोलावलं होतं. त्याने कॅबिनेट उघडलं, मोडेमवरची ती तांदळाएवढी काळी टोपी, जंपर, एका जोडीवरून काढून दुसरीवर बसवली. दहा मिनिटं लागली, त्यातली पाच चहाला. गाणं लावून इंटरनेट जोडलं, दोन्ही चालू राहिलं. 'झाला गो, एवढाच होता,' म्हणाला. आई जिन्याखाली भाजी घेत होती. बेसिल गेला, मी भुवया कोरायचा चिमटा घेतला आणि ती टोपी होती तिथे परत लावली.

का, ते सांगते. मला तुझा हेवा वाटत होता. तिच्या कानात मोजकं ऐकणं उरलं होतं आणि ते मला माझ्यासाठी हवं होतं. सातिवलीच्या कारखान्याच्या गाळ्यात दिवसभर खोक्यांवर पट्ट्या मारून घरी यायचं, तिचं डॉक्टर, औषधं, देवदर्शन सगळं करायचं, आणि तिने साडी नेसायची तुझ्या आवाजासाठी! म्हटलं, निदान शेवटचा आवाज माझा राहू दे. मी तिच्या डाव्या बाजूला बसून तिला पेपर वाचून दाखवायचे, कारखान्यातल्या गमती सांगायचे, लहानपणीच्या आठवणी काढायचे. ती सगळं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि म्हणायची, दादाच्या त्या उद्गाराचं काय झालं गं? अडीच वर्षं, दादा. एक दिवस चुकला नाही. मी तुझं चोरलं आणि माझ्या हाती काही लागलं नाही.

हल्ली तिला एक सवय लागलीय. ऐकू आलं नाही की ती हसून 'चालेल' म्हणते. अर्नाळ्याची जिजा कोळीण जिन्यात टोपली टेकवून म्हणाली, 'आयो, कालची शिळी सुरमय हाय, देऊ?' आणि आई म्हणाली, चालेल. आपली आई, जी माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैशाला हात लावत नव्हती! जिजानेच मला बाजूला घेतलं. 'मी मस्करी केली गो बाय. तुजे आयला कायच आयकू येत नाय.' दसऱ्याच्या आठवड्यातली ही गोष्ट. दिवाळीआधी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावाही गेला. पूर्ण. आता घरात मी पाटीवर लिहिते आणि ती वाचते. माळ्यावरून तुझी शाळेतली पाटी काढलीय, लाकडी चौकटीवर तुझं नाव आहे ती.

आणि मग मी जंपर हलवला. पश्चात्ताप झाला म्हणून नाही. तुझ्या आवाजाची मला भीती उरली नव्हती, म्हणून. तुला कळवलं, जमलं, रविवारी बोल. आईला साडी नेसवून बसवलं, माइक तिच्यासमोर धरला, पण हेडफोन तिला न लावता स्पीकर चालू केला. तू चाळीस मिनिटं बोललास. काय स्वच्छ आवाज येतो रे! ती पडद्याकडे बघत मान हलवत होती आणि तू थांबलास की हसून म्हणत होती, हो रे बाळा, चालेल.

त्याच दुपारी तुझा मेल आला. 'आईने अखेर माझा आवाज ऐकला, संपा, तुझे उपकार कसे फेडू. आईने एका शब्दात मला मोकळं केलं, किती मोठ्या मनाची आहे.' ते आभार वाचून मला हे पत्र लिहावं लागतंय. तू तिला म्हणालास, आई, मी इथलं नागरिकत्व घेतोय, घर घेतलं, आता कायमचा परत येणार नाही, तुला चालेल ना? हे ऐकलं ते फक्त मी. आईने पडद्यावरचं तुझं नाव बघितलं आणि चालेल म्हणाली. तू लाइन सोडलीस तेव्हा तिने माझा हात धरून विचारलं, काय म्हणाला, कधी येतो? माझ्या हातात पेन्सिल होती. मी लिहिलं, लवकरच. त्या दिवसापासून तुझी गादी रोज गच्चीत उन्हात पडते आणि कॉम्प्युटरला ती हात जोडते. तुला कुणी मोकळं केलेलं नाही, दादा. मोकळं व्हायचं असेल तर तिकीट काढून ये, तिच्यासमोर बस, आणि ते वाक्य तुझ्याच पाटीवर तुझ्याच अक्षरात लिही. त्याच्या खाली मी माझं लिहीन, जंपरचं. ती दोन्ही सावकाश वाचेल. मी पाटी पुसून ठेवतेय.

तुझीच,
संपदा