एकट्याने ऐकलेलं

३ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचा. बंदराच्या वाचनालयाने दिलेली खोली बर्फाच्या कारखान्यावर आहे. फरशी अशी गार की सकाळी पाय टेकवला की झोप पळालीच. खिडकीतून धक्का दिसतो, पालथ्या घातलेल्या होड्या दिसतात, आणि मासळीचा वास न बोलावता आत येऊन बसतो. मी जाम खूश आहे. एकतीस वर्षं रेडिओवर लोकांचे आवाज टिपले. मग निवृत्त झालो, बायको गेली, आणि मी भिंतींशी गप्पा मारायला लागलो, तेव्हा लेकीनेच हे काम शोधून माझ्या गळ्यात मारलं. समुद्रावर जन्म काढलेल्या अकरा म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवायच्या आहेत. लेक सोळाला, रविवारी, येणार आहे. रोज लिहा, आल्यावर पहिली वहीच वाचणार, असा बाईसाहेबांचा हुकूम आहे. तर बाईसाहेब, वाचा. जेवण वेळेवर चाललंय.

४ तारीख, मंगळवार

घरमालकीणबाई मला जाळ्यांच्या शेडमध्ये घेऊन गेल्या. साठीच्या आहेत, पण जाळं सांधताना सुई दिसत नाही इतका हात चालतो, आणि तोंड हाताच्या वरताण. माझा माइक बघून म्हणाल्या, एवढ्याशा काडीला ऐकू येतं, आमच्या ह्यांना दोन कान असून येत नव्हतं.

इथली एक रीत त्यांनी सांगितली. समुद्रात माणूस गमावल्याची गोष्ट सात जणांना बसवूनच सांगायची. सहा असले तर सातव्याची वाट बघायची. सातांत गोष्ट वाटली जाते, ज्याच्या त्याच्या वाट्याला झेपेल एवढीच येते. एकट्यालाच सांगितली तर सगळीच्या सगळी त्याच्या अंगावर.

ऐकायला छान वाटलं. पण सात जणांत ध्वनिमुद्रण म्हणजे माझ्या कामाचा विचकाच. आज तासभर टिपलं, त्यात चाळीस मिनिटं खोकला आणि उरलेला वेळ खुर्च्यांची करकर. मी सरळ सांगून टाकलं की उद्यापासून एकेकाने माझ्या खोलीत यायचं, दार लावून बसायचं. बाईंचा हात थांबला. तुमची मर्जी, एवढंच म्हणाल्या.

६ तारीख, गुरुवार

आज पहिला माणूस आला. इथे सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात. ऐंशीचा आहे, वल्हं मारून मारून खांदे अजून रुंद. धाकटा भाऊ समुद्रात गेला त्याला चाळीस वर्षं झाली, पण हा कधी शेडमध्ये बोलला नाही. सातांत भावाची बायको बसायची, तिच्यासमोर कसं सांगणार? बंद दाराचं कळलं तसा स्वतःहून आला. तीन तास बोलला. काय बोलला ते इथे उतरवत नाही, रेकॉर्डरवर आहेच. माझा चहा तसाच गार झाला. तो मात्र उठला, दुसरा चहा मागून प्यायला आणि शीळ घालत जिना उतरला.

आवाज काय स्वच्छ आलाय! घड्याळाची टिकटिकसुद्धा नाही.

७ तारीख, शुक्रवार

मौनीबाबा धक्क्यावर भेटला. भावाबद्दल मोकळेपणी बोललात, आभार मानतो, असं म्हणालो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने सांगितलं की तुमची काहीतरी गफलत होतेय, आईला मी एकटाच. वयाचा परिणाम, असं मी स्वतःला समजावलं.

दुपारी ध्वनिमुद्रण ऐकायला बसलो. तीन तास आहे, शब्द न् शब्द आहे. पण आवाज त्याचा नाही. माझा आहे.

उजवा पाय सकाळपासून जड झालाय. कोणीतरी लोंबकळत असावं तसा. लेकीला काळजी नको, साधी उसण असेल.

१० तारीख, सोमवार

मौनीबाबा शीळ घालतो ही बातमी गावभर झाली. आज जिन्यावर आठ जण बसले होते. धुतलेले शर्ट, विंचरलेले केस, कोणी माझ्यासाठी मासळी आणलेली. इतकी गरीब, भली माणसं, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? तरी म्हणालो. बरं नाही, उद्या या, म्हणून दार लावून घेतलं. बर्फ फोडणारा म्हातारा दाराच्या फळीला तोंड लावून बाहेरूनच बोलायला लागला. मी कानांत बोटं घातली. तरी मुलगा गेल्याची त्याची गोष्ट पुरी ऐकली, शेवटपर्यंत.

मग बॅग घेऊन बस गाठायला निघालो. थांब्यावरच्या बाकावर एक आजी शेजारी येऊन बसल्या. माझा हात हातात घेतला आणि सुरुवात केली. बस आली, गेली. मला उठता आलं नाही.

११ तारीख, मंगळवार

घरमालकीणबाईंच्या पाया पडलो. सात जण जमवा, मला हे वाटून टाकू द्या. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि गावभर फिरल्या. शेडमध्ये त्यांना धरून सहा जण बसले. अंधार पडेपर्यंत बसले. सातवा आला नाही. जे मोकळे झाले त्यांना आपलं काही होतं हेच आठवत नाही, आणि बाकीच्यांना माझ्याकडे टाकायचं आहे, माझ्याकडून घ्यायचं नाही.

बाई जाताना म्हणाल्या, एक वाट आहे. तुम्ही घेतलंत तसं एकालाच देता येतं. तुमचं कोणी आहे का?

मी कोणी नाही म्हणालो.

१३ तारीख, गुरुवार

पाकिटात फोटो आहे. माझ्या शेजारी एक बाई हसतेय. मागे माझ्याच अक्षरात लग्नाची तारीख आहे, म्हणून ती माझी बायको. नाव कितीतरी वेळ शोधलं. धाकट्याचं नाव मात्र ओठावर आहे — माझ्या नाही, मौनीबाबाच्या धाकट्याचं. त्याच्या दाढीतला पांढरा केस आठवतो. मला भाऊच नाही.

लेकीचा फोन आला. आवाज असा का येतोय, काय झालं, बाबा सांगा ना. मी तोंड उघडलं आणि आतून भलतंच वाक्य वर आलं, होडीचं. अर्ध्यावर फोन ठेवला. पुन्हा लावून, येऊ नकोस, एवढंच म्हणालो. ती येणार. भारी हट्टी. कोणावर गेलीय — आठवत नाही.

१४ तारीख, शुक्रवार

तिला चिठ्ठी लिहायला बसलो. सहा कागद फाडले. प्रत्येकावर पहिली ओळ तीच. आम्ही चौघं होतो.

हे अक्षर माझं नाही.

१५ तारीख, शनिवार

तोंड शिवून घेता येईल. पण ही वही — ती वाचणार. एकटीच वाचणार. वही कोणी सातांत बसून वाचत नाही.

धक्क्यावर गेलो, पाण्यात टाकायला. बोटं उघडेनात. तेव्हा सुटला तो हात, आता वही सुटत नाही.

आज तिघे आले. ऐकलं.

१६ — रविवार

सकाळ. ती जिन्यावर आहे. बाबा म्हणतेय. दार आतून लावलंय, खुर्ची टेकवली. तोंडात रुमाल.

रडतेय. म्हणतेय बोलवत नसेल तर लिहा, दाराखालून वही सरकवा, मी वाचते, आपण बघू काय करायचं ते. बाळ तू —

नाव. तिचं नाव काय —

एकच ओळ लिहितो. वाचू नकोस. बाळ वाचू नकोस हे — आम्ही चौघं होतो. दुपारी वारा फिरला. होडी पालथी झाली, दोघं लगेच गेले, फळी एकापुरतीच होती. धाकट्याने माझा उजवा पाय धरला. दादा सोडू नको म्हणाला. मी डावा पाय उचलला आणि त्याच्या तोंडावर —