कुसुम, माझ्या चौकोनाला कोपरे आले

प्रिय कुसुम,

तू गेल्यापासून बोलायचं झालं तर मी भिंतीवरच्या फोटोशीच बोलतो. पण आजची बातमी अशी उभ्या उभ्या सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. आपली वैशू बाळंतपणाला येते आहे! अकोल्याहून इथे, अमरावतीला, आपल्या घरी. रविवारी जावईबापू आणून सोडणार.

तू गेलीस आणि मागोमाग तिला दिवस राहिले. तुला कळलंच नाही. एवढी कसली घाई होती गं?

पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुझंच म्हणणं. पण माहेरात आईच नसली, तर नुसत्या बापाकडे पोर कोण पाठवणार? तिच्या सासूबाई मायाळू. फोनवर म्हणाल्या, "गुरुजी, तुमी चिंता नोका करू. इथंच करू आमी सारं. तुमी बारशाले या." वैशूही म्हणाली, "बाबा, आई असती तं गोष्ट वेगळी होती." मी "बरं" म्हटलं. म्हटलं खरं, पण ताटावरून तसाच उठलो.

त्याच दिवशी तुझी लोकरीची पिशवी काढली. वैशूच्या लग्नाचा मांडव उतरला नव्हता, तेव्हाच तू नातवंडाच्या पांघरुणाची लोकर आणली होतीस, आठवतं? किती हसलो होतो मी! पिशवीत तुझे रंगीत चौकोन, प्रत्येकाला पांढरी कड. पांघरूण अर्ध्याच्या वर झालेलं, बाकीचं तसंच. म्हटलं, लेक येत नसेल तर निदान माहेरचं पांघरूण तरी तिच्याकडे जाऊ दे.

बडनेऱ्याहून इंदूला बोलावलं. तुझी बहीण तुझ्याहून तिखट! "भाऊजी, ताईनं तुमाले शर्टाची गुंडी लावू देल्ली नाई कधी, अन् तुमी क्रोशा करता?" तरी शिकवलं बिचारीनं. आधी साखळी, साखळीचं कडं, मग कड्यात खांब, म्हणजे सुईवर वेढा घेऊन विणलेले उभे टाके. तीन खांबांचा एक झुपका.

तीन! मी खूशच झालो. जन्मभर फळ्यावर तीन-तीन अक्षरांचे गण पाडले, हेही गणच की! इंदू गेल्यावर मी आपला वृत्त गुणगुणत विणत सुटलो. चार गणांचा एक चरण, दुसरा चरण तेवढाच, तिसराही तेवढाच. लय कशी पक्की! पण चौकोन काही सपाट बसेना. दुसऱ्या दिवशी इंदू परत आली, तिनं तो उचलला आणि सरळ पाणी प्यायच्या गडव्यावर उपडा घातला.

"वा भाऊजी! गडव्याले टोपी विणली तुमी."

"चुकलं कुठं?"

"दर फेरीले सारखंच काहून घालून राहिले? चौकोन वाढते ना जी! कोपऱ्याच्या एकाच भोकात दोन झुपके द्या, मंधात साखळी. कोपरा उपाशी ठेवला तं वाटीच होईन."

कवितेचे चरण सारखे शोभतात, कुसुम. चौकोनाची प्रत्येक फेरी मात्र मागच्या फेरीपेक्षा मोठी, आणि ती वाढ कोपऱ्यात. तुला हे ठाऊक होतं! इतकी वर्षं मी कविता वाचायचो आणि तू शेजारी विणत ऐकायचीस. एकदा तरी सुई माझ्या हातात द्यायचीस!

मग काय, विण आणि उसव. अडलं की इंदूला व्हिडिओ कॉल. ती पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "उसवा!" शेवटी एक चौकोन टेबलावर शहाण्यासारखा सपाट बसला. तुझ्या चौकोनापेक्षा जरा मोठा, माझा हात सैल ना! एक नंबर बारीक सुई आणली. आता मापाला माप जुळतं. उगाच विनय कशाला, छान जमतं मला!

त्याचा फोटो वैशूला पाठवला. लगेच फोन.

"बाबा, हा आईचा ना?"

"माझा."

"काईही!"

"तुझ्या मावशीले विचार. तिनंच शिकवलं."

मग हळूच, "तुमी मावशीले म्हटलं, मले शिकव? तुमी?"

"रोज म्हणतो. आजही अडलं, आजही विचारलं."

तेव्हा पोरीनं मनातलं सांगितलं. "मले आई नाई याची भीती नव्हती बाबा. तुमची होती. मले कळा सुरू झाल्या तरी तुमी कोणाले हाक मारणार नाई, कविता म्हणत फेऱ्या मारत राहसान, असं वाटे. म्हणून नाई म्हणत होती मी."

"मारीन हाक. साऱ्या गल्लीले मारीन!"

"मंग मी येऊन राहिली."

असं झालं बघ. इंदू महिनाभर राहायला येते आहे. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "लाडवाचा डिंक मी धाडते." तुझी खोली झाडून घेतली, खाट खिडकीजवळ ओढली.

आता शब्द देतो, ऐक. बाळाचं अंघोळीचं पाणी किती कोमट, ते रडतं ते भुकेनं की पोटदुखीनं, यातलं मला काही येत नाही. विचारीन. इंदूला विचारीन, शेजारणीला विचारीन, दवाखान्यातल्या सिस्टरला विचारीन, लाजणार नाही. वैशू इथून सासरी परत जाईल ती बाळाला कुशीत घेऊन, तब्येतीनं चांगली भरून, आणि अकोल्यात सगळ्यांना सांगेल, माहेरी जाऊन आले.

तुझा,
मास्तर